घटिकेवर चालणारं लग्न: १८९० च्या पुण्यातला श्रीमंती लग्नसोहळा रंगमंचावर आणताना

प्रश्न एका हौशी नाट्यसंस्थेचा आहे. १८९० च्या सुमाराचं, पुण्याच्या पेठेतल्या एका सधन ब्राह्मण वाड्यातलं लग्न त्यांना दुसऱ्या अंकात दाखवायचं आहे. विधींचा क्रम, पोशाख, पंगत आणि उजेड कसा असावा, आणि घटिकापात्र खरंखुरं चालवता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

येईल, आणि चालवाच. त्या काळचं लग्न घटिकेवर चालत असे आणि मानापानावर अडत असे. या दोन गोष्टी नीट बसवल्या तर बाकीचा पसारा कमी असला तरी चालतो. त्या नसतील तर पैठण्यांचा ढीग लावूनही ते लग्न आजच्या कार्यालयातलंच वाटतं.

आधी काळाचं गणित. पंचांगातला मुहूर्त तासा-मिनिटांत नसे, सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून घटी-पळांत असे. अहोरात्राच्या ६० घटिका, एका घटिकेची ६० पळं. म्हणजे घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. ‘सूर्योदयात् घटी १४ पळे २०’ याचा अर्थ सूर्य उगवल्यावर ५ तास ४४ मिनिटांनी. भिंतीवरचं घड्याळ श्रीमंत वाड्यात एव्हाना आलं होतं, पण ते दिवाणखान्याची शोभा. लग्न त्यावर लावत नसत, आणि त्याला कारणही होतं. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत होती आणि ती वेळ पुण्याच्या स्थानिक वेळेच्या सुमारे २६ मिनिटं पुढे होती. मुंबईहून गाडीने आलेल्या पाहुण्याच्या खिशातलं घड्याळ आणि पुण्याचा सूर्य यांचा मेळच बसत नसे. संवादात ‘साडेअकराचा मुहूर्त’ लिहिला असेल तर खोडा. ‘मुहूर्त चौदा घटकांचा’, ‘गोरज मुहूर्त’ असं म्हणा.

घटिकापात्र म्हणजे तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला मधोमध बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत येतं आणि एक घटिका झाली की वाटी बुडते. सूर्यसिद्धान्तात हे पात्र ‘अमल’ पाण्यात ठेवायला सांगितलं आहे आणि ते अहोरात्रात ६० वेळा बुडावं असं म्हटलं आहे. जुन्या ज्योतिषग्रंथांत त्याचं मापही मिळतं: दहा पळं वजनाचं तांबं (इथलं पळ वजनाचं), उंची सहा अंगुळं, तोंड बारा अंगुळं, आणि भोक सव्वातीन माशांहून (मासा हेही वजनाचंच माप) किंचित जास्त सोन्याच्या चार अंगुळं लांब ओढलेल्या सुईएवढं. भोकाचं माप सुईच्या वजनावरून आणि लांबीवरून ठरवायची ही युक्ती मोठी शहाणपणाची आहे. बारीक भोक थेट मोजता येत नाही, पण सोनं तोलता येतं.

तुम्हाला ते असं करता येईल. साधारण १२ सेंटिमीटर तोंडाची, पाव किलोच्या आतली तांब्याची अर्धगोल वाटी तांबटाकडून घ्या. तळाचा नेमका मध्य काढून आधी अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडा आणि घड्याळ लावून बघा. ती उशिरा बुडेल. मग भोक जरा जरा वाढवत जा. वाटीच्या वजनाप्रमाणे बहुतेक पाऊण ते एक मिलिमीटरच्या दरम्यान २४ मिनिटं जमतात. घाई करू नका, कारण भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. एक मिलिमीटरच्या भोकात दशांश मिलिमीटरचा फरक पडला की वेळ चार-पाच मिनिटांनी हलते.

नाटकात २४ मिनिटं कोण थांबणार! म्हणून तशीच दुसरी वाटी करा आणि तिचं भोक पहिल्याच्या अडीच पटीच्या किंचित आत ठेवा. भोकाचं क्षेत्रफळ सहापट झालं की वेळ सहावा हिस्सा होते, म्हणजे ही वाटी सुमारे चार मिनिटांत बुडेल. मंगलाष्टकांना तेवढा वेळ पुरतो.

बिघडतं ते पुढच्या जागी. घंगाळ अरुंद असेल तर तरंगती वाटी कडेला जाऊन चिकटते आणि तिरपी होते. घंगाळाचं तोंड वाटीच्या निदान दुप्पट हवं आणि पाणी वाटी पूर्ण बुडण्याइतकं खोल हवं. पाणी न गाळता घेतलं तर एक कण भोकात बसतो आणि घटिका लांबते. पेठांतले हौद कात्रजच्या नळाच्या पाण्यावर भरत, ते पाणीही वस्त्रगाळ करूनच घ्यायचं. हळद-कुंकू, अक्षता, फूल हे सगळं घंगाळाच्या गळ्याला वाहायचं, पाण्यात नाही. रंगीत तालमीत नेमकी हीच चूक होते. उत्साहाने वाहिलेल्या अक्षतेचं एक टोक भोकात अडकतं आणि लग्न खोळंबतं. प्रयोगानंतर वाटी कोरडी करून ठेवा, नाहीतर भोकात हिरवा कळंक धरतो आणि पुढच्या प्रयोगाला वेळ चुकते.

ही वाटी प्रेक्षकांना दिसायला हवी. ती ठेवताच भोकातून पाण्याची सुतासारखी धार आत उसळते. तळ झाकला गेला की धार दिसेनाशी होते, फक्त मध्यावर पाणी थरथरत राहतं. वाटी इतकी हळू खाली जाते की नजर लावून बसलं तरी कळत नाही. शेवटी काठ आणि बाहेरचं पाणी एका रेषेत येतात, क्षणभर काठाशी पाणी फुगून उभं राहतं, आणि मग सगळीकडून एकदम आत कोसळून वाटी ‘डुबुक’ करून तळाला जाते. घंगाळ थोडं उंचावर ठेवा आणि वरून तिरपा आरसा लावा. त्या ‘डुबुक’पाशी नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

पात्र ठेवायचा मान जोशीबुवांचा. सूर्याचं अर्धं बिंब क्षितिजावर दिसलं की पूजा करून ते पात्र पाण्यात सोडतात, आणि लग्न लागेपर्यंत तिथून कोणी हलत नाही. घटका बुडाली की थाळीवर टोला, आणि खांबावर कुंकवाचं एक बोट. चौदा बोटं उठली की उरतात फक्त पळं. मंगलाष्टकं त्या उरलेल्या वेळात बसवतात. वेळ असेल तर हौशी पाहुणे स्वतः रचलेली अष्टकं म्हणतात, वेळ कमी असेल तर उपाध्याय त्यांतल्या दोघांना गप्प बसवतात. शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’, मग ‘सावधान’, अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो आणि वाजंत्री सुटतात. वाजंत्र्यांचा म्होरक्या वधूवरांकडे बघत नसतो. तो बघतो जोशांच्या हाताकडे. तालमीत हे पक्कं बसवा: हात खाली आल्यावर सनई, सनईनंतर चौघडा, मग टाळ्या. तिन्ही एकदम झालं की प्रसंग फुकट जातो.

क्रमाबद्दल. लग्न एका दुपारचं नसतं, चार-पाच दिवसांचं असतं. वाङ्‌निश्चय आणि याद (देण्याघेण्याची लेखी यादी) आधीच झालेली असते. मग ग्रामदैवताला, म्हणजे पुण्यात कसबा गणपतीला, वाजतगाजत अक्षत. मग मुहूर्तमेढ, घाणा, देवकप्रतिष्ठा, वराची उष्टी हळद वधूकडे जाणं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, वरपक्षाला जानवसघरी उतरवणं. लग्नादिवशी रुखवत, वरप्रस्थान, वधूचं गौरीहरापाशी बसणं, मधुपर्क, अंतरपाट, कन्यादान, मंगलसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी, रात्री ध्रुवदर्शन. पुढच्या दिवसांत व्याहीभोजनं, विहीण पंगत, ऐरणीदान, झाल, वरात, आणि वराघरी माप ओलांडून लक्ष्मीपूजन. हे सगळं दाखवायला गेलात तर नाटक उरणार नाही. तीनच प्रसंग घ्या: याद, घटिका-अंतरपाट आणि विहीण पंगत. बाकीचं पडद्यामागून ऐकू येऊ दे.

याद का, ते सांगतो. बैठकीवर लोड-तक्के, मधे पानाचं तबक, दोन्हीकडची वडील मंडळी, आणि कारकून लिहितो आहे. हुंडा, वराचा पोशाख, करणी, कोणाला शेला, कोणाला नुसतं उपरणं, रोषणाई कोणाची, वाजंत्री कोणाची, किती पानं उठणार. हे एकेक कलम बोलून होतं आणि कागदावर उतरतं. पुढे लग्नात जो जो रुसवा होतो त्याचं मूळ या कागदात असतं. मजकूर मोडीत असला पाहिजे. छापील लग्नपत्रिका बाळबोधीत, पण घरचा कागद मोडीत. बोरूने, वर आडवी रेघ ओढून, हात न उचलता लिहायचं आणि शाईवर बारीक वाळू भुरभुरायची. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला देवनागरी अक्षरं दिसली तर त्याचा विश्वास उडतो.

पत्रिकेचा मायना आजच्यासारखा गोड नव्हता. मिती शकात घालत, १८९० चा वैशाख म्हणजे शके १८१२. नावामागे ‘रा. रा.’, मुलामुलीला ‘चि.’. लग्नाला सरळ ‘शरीरसंबंध’ असा शब्द वापरत. आज वाचताना कानाला खटकतो, म्हणून लोक तो बदलतात. बदलू नका. त्या काळी तो साधा कागदोपत्री शब्द होता.

रोकड दाखवणार असाल तर वजन सांभाळा. चांदीचा कलदार रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. हजार रुपयांची थैली साडेअकरा किलोच्या वर भरते. नट ती दोन बोटांनी उचलून तबकात ठेवतो तेव्हा सगळं खोटं पडतं. थैलीत वाळू भरा. ती दोन हातांनी, कंबरेतून वाकून उचलली गेली पाहिजे, आणि ठेवताना तबक वाजलं पाहिजे. मुलीच्या बापाने काय दिलं ते त्या आवाजातून कळतं, वेगळा संवाद लागत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: वधूचं वय. अशा घरातली नवरी आठ ते अकरा वर्षांची, नवरा बहुधा चौदा ते अठरा-वीसचा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने बदललं ते लग्नाचं वय नव्हे. शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय दहावरून बारा झालं, एवढंच. मुलीच्या लग्नाला किमान १४ वर्षांची अट १९२९ च्या शारदा कायद्याने आली. लहानपणी लग्न लावलेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ असा गाजला होता, सुधारक मलबारींची बालविवाहाविरुद्धची टिपणं १८८४ पासून चर्चेत होती, आणि १८९०-९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात घराघरांत दोन तट पडले होते. तुमच्या लग्नातल्या बैठकीवर हा विषय निघणारच. तो निघाला की मांडवात बसलेली मुलगी प्रेक्षकांना दिसत राहील अशी तिची जागा ठरवा.

पंचविशीतली नटी लाजत-मुरकत उभी केली की या लग्नाचं सत्यच निघून जातं. बारा-तेरा वर्षांची, अंगाने लहानखुरी मुलगी घ्या, तिच्या आईवडिलांना सगळं नीट सांगून. तिला एकही प्रौढ भाव करायला सांगू नका. तिला लाज वाटत नसते, तिला झोप येत असते. लाजाहोमात भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा त्या ओंजळीकडे बघतानाच ती पेंगते. मामा तिला उचलून बोहल्यावर आणतो ते रीत म्हणून, पण पाहणाऱ्याला ते मूल उचलल्यासारखंच दिसलं पाहिजे. या सोहळ्याच्या मधोमध एक मूल आहे आणि त्याला कोणी काही विचारलेलं नाही. दुसरं काही ठसलं नाही तरी चालेल, हे ठसलंच पाहिजे.

तिचा वेश. रोजची परकर-पोलक्यातली मुलगी आज चिरडी किंवा आखूड लुगडं नेसली आहे. पूर्ण नऊवार तिच्या अंगावर मावत नाही, ओचे जड होतात. विधीच्या वेळी पिवळं वस्त्र, ते बहुधा मामाकडचं. सासरचा शालू किंवा पैठणी नंतर. चोळी खणाची, पुढे गाठ मारलेली, लुगड्याच्या रंगाशी न जुळणारी. जुळणारा ब्लाउज पुढच्या काळातला. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. टिकलीचा गुळगुळीत गोल लांबूनही ओळखू येतो. हातात हिरवा चुडा, पाटल्या, गोठ, तोडे, गळ्यात चिंचपेटी, ठुशी, तन्मणी, कानात कुडी-बुगडी, केसांत राखडी, मूद आणि केवडा. पायात चांदीच, सोनं पायात घालत नसत. मंगळसूत्र आखूड: काळे मणी आणि वाट्या. पोटापर्यंत रुळणारं पदक नको.

नवऱ्याच्या बाबतीत चूक होते ती केसांत. ब्राह्मण वराचं डोकं भादरलेलं, घेरा आणि शेंडी राखलेली. पगडीखालून कल्ले बाहेर आले की झालं. टोप घालायला तो तयार नसेल तर निदान कानामागचे आणि मानेवरचे केस काढा. विधीला सोवळं, मुंडावळ्या आणि भेंडाचं बाशिंग. वरातीला अंगरखा, जरीचा शेला, धोतर आणि पगडी. पगडी बांधलेली मिळते, ती डोक्याच्या मापाची हवी, नाहीतर वाकून नमस्कार करताना घरंगळते. आणि सगळ्या पाहुण्यांना एकसारखे भगवे फेटे बांधू नका. त्या काळी पगडीवरून माणसाची जात, गाव आणि हुद्दा ओळखत. मांडवात दहा पुरुष असतील तर निदान चार तऱ्हा दिसल्या पाहिजेत: पुणेरी पगडी, सरदाराचा मंदील, शेतकऱ्याचं पागोटं, कारकुनाचा रुमाल.

बोहलं एक हात उंच आणि चार हात चौरस, असं शास्त्राचं माप आहे. १८ इंची हात धरला तर सहा फुटांचा चौथरा होतो. तेवढ्यात वधूवर, आईबाप, उपाध्याय आणि होम बसवायचा म्हणजे दाटी होणारच. ती होऊ द्या. माती-विटांचं, शेणाने सारवलेलं, कडेला चुन्याची रेघ, चार कोपऱ्यांना मडक्यांच्या उतरंडी आणि केळीचे खुंट. फुलांच्या भिंती आणि सिंहासनवजा खुर्च्या नकोत, बसायला पाट.

कन्यादानाचा क्षण घाईने उरकतात, तो उरकू नका. खाली काशाचं भांडं, वर ओंजळींवर ओंजळी, आई झारीने पाण्याची धार धरते. बाप म्हणतो की धर्मात, अर्थात, कामात हिला ओलांडून वागू नकोस, आणि वर म्हणतो ‘नातिचरामि’. ते पाणी काशावर पडताना नाद होतो, म्हणून भांडं काशाचंच घ्या. स्टीलचा आवाज पत्र्यासारखा येतो.

मानापानाची गुंतागुंत. विहिणीच्या वाटेवर पायघड्या घालायच्या त्या परटाने, तो त्याचा हक्क. मडकी कुंभाराची, चुडा कासाराचा, आरसा धरायचा न्हाव्याने, मेढ सुताराची, विडे तांबोळ्याचे. या प्रत्येकाला नारळ, पागोटं, शिधा ठरलेला असतो. एकाचं राहिलं की काम अडतं. घरच्या बायका रुसतात त्याची कारणं बारीक असतात: करवलीला आधी कुंकू लावलं नाही, विहिणीच्या लुगड्याचा काठ यादीतल्यापेक्षा अरुंद निघाला, जानवसघरी स्नानाला ऊन पाणी उशिरा पोचलं. मोठी भांडणं लिहू नका. काठाची रुंदी बोटांनी मोजणारी एक सासू पुरते.

रुखवताचाही आज गैरसमज आहे. काडेपेट्यांची घरं आणि क्रोशाचे रुमाल म्हणजे रुखवत, असं तेव्हा नव्हतं. लग्नाला निघण्याआधी वराला फराळाला नेलेलं अन्न ते रुखवत: लाडू, करंज्या, अनारसे, पापड-कुरडया. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायकांची रांग आणि वाजंत्री एवढं दाखवलं तरी पुरे.

पंगत. केळीचं पान, टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत. उजवीकडे भाज्या, त्यात अळू हमखास. मधे वरण-भाताची मूद आणि तूप. पक्वान्न पुरणपोळी, जिलबी किंवा बुंदीचे लाडू, शेवटी ताक-भात. कांदा, लसूण, टोमॅटो, फ्लॉवर काही नाही. पुरुष सोवळं नेसून उघड्या अंगाने, पाटावर. पानाभोवती रांगोळी, मधे मधे उदबत्तीची घरं. एका पानाला सव्वादोन-अडीच फूट धरा. सहा पानांची ओळ १५ फुटांत बसते आणि वाढप्याला पुढून वाकायला दोन फूट वाट लागते. मंचावर नेहमी ही वाट राहून जाते आणि वाढपी पानं तुडवतात. पानं खरी घ्या, पण प्रयोगाच्या सकाळी आणून ओल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर दिव्यांच्या झळीने कडा वळतात.

कोण कोणाच्या ओळीत बसतं हा पंगतीतला स्फोटक मुद्दा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसह बऱ्याच मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं होतं. नाटकाचा काळ त्याच्या पुढचा धरलात तर एखाद्या सुधारक पाहुण्याचं पान ओळीपासून हातभर दूर मांडलेलं दाखवा. बोलायला काही नको. वाढपी ज्या सफाईने ते अंतर राखतो तेवढं पुरे.

विहीण पंगत शेवटी येते. वरमाईला पाटावर बसवून आग्रहाचं जेवण झालं की बायका विहीण म्हणतात: आमची मुलगी तुमच्या ओटीत घातली, तिला सांभाळा. इथे वाद्य नको, साथ नको. चार वयस्क आवाज, किंचित बेसूर असले तरी चालतील. या वेळी माजघराच्या दारामागे, उजेडाच्या कडेला, आलवण नेसलेली एक बाई उभी करा. घरची विधवा आत्या किंवा काकू. पाच दिवस स्वयंपाकघरात राबणारी तीच, आणि मांडवात पुढे यायची मुभा नसलेलीही तीच. मुलीला न्हाऊमाखू घालून वाढवलेली कदाचित तिनेच. तिला संवाद देऊ नका.

उजेडाचं थोडक्यात. पेट्रोमॅक्स नको, तो विसाव्या शतकातला. आत समया, दिवाणखान्यात तेलाच्या हंड्या आणि एखादं झुंबर, ओसरीवर रॉकेलचे कंदील. वरातीला मशाली, हिलाल, चंद्रज्योती. उजेड खालून आणि बाजूने येतो, वरून नाही. कंबरेच्या वर चेहरे उजळ, छत काळोखात. मशालजीबरोबर तेलाचा बुधला घेतलेला दुसरा माणूस लागतोच. खरी ज्योत नाट्यगृहात चालणार नाही, पण तो बुधलेवाला ठेवलात तर मशाल खरी वाटते. ध्वनिफीत वाजवून गाणं ऐकवत असाल तर ते पडद्यामागचं माणूसच गातं आहे असं वाटू द्या. ग्रामोफोन आपल्याकडे १९०२ नंतरचा. वरातीत छावणीतला इंग्रजी बँड मात्र चालेल, श्रीमंतांनी ती हौस धरली होती.

हे सगळं एका थराचं लग्न झालं. मराठा सरदाराच्या घरी तलवार, मंदील, हत्ती-घोडे आणि मांसाहाराचं वेगळं जेवण येईल. आणि त्याच पुण्यात २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न लागलं होतं, भटजीविना, वधूवरांनी एकमेकांना वचन देऊन. नाटकात बागेचा माळी किंवा बांधकामाचा मुकादम असं पात्र असेल तर त्याच्या तोंडी हा उल्लेख अगदी स्वाभाविक बसतो. काळ १८९७ पर्यंत पुढे नेऊ नका. प्लेगच्या झडत्यांच्या दिवसांत असा मांडव उभा राहणं अवघड, ते वेगळंच नाटक होईल.

संवादांबद्दल एकच. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि ‘अहो’ पण चारचौघांत जपून. ‘इकडून जेवण झालं का’, ‘तिकडे जायचं ठरलंय’ अशी कर्त्याविना वाक्यं. व्याही एकमेकांना ‘रावसाहेब’, ‘तात्यासाहेब’ म्हणतात, आणि भांडण जितकं चढेल तितके ‘साहेब’ वाढत जातात.

अंकाचा शेवट नाव ठेवण्यावर करायचा असेल तर ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितात, ते नवरा लिहितो. तांदूळ जुने आणि कोरडे घ्या, ओलसर तांदळात अक्षर नीट उमटत नाही. थर बोटाच्या पेराहून पातळ ठेवा, खालचं तांब्याचं ताट अक्षरातून चमकलं पाहिजे. घटिकेसाठी लावलेला आरसा इथेही वापरता येईल. ती मुलगी आपलं नवं नाव वाचू शकत नसेल, तर वाचून दाखवायला नणंद पुढे होते. ते नाव नणंदेने पहिल्यांदा उच्चारावं, आणि ही हाक कोणाला मारली म्हणून नवरीने मागे वळून बघावं.